जर्मनीत आलेय, पण अनमेल्डुंगवरच गाडं अडलंय

सांगलीची_पोरगी:
नमस्कार मंडळी, मास्टर्ससाठी आखेनला आलेय. हॉस्टेलची वेटिंग लिस्ट मारुतीच्या शेपटासारखी, म्हणून एका फ्लॅटमधली खोली सबलेट घेतली. ज्याच्याकडून घेतली तो स्वतःच भाडेकरू आहे, भाडं कॅशमध्ये आधीच घेऊन ठेवलं आणि आता म्हणतो अनमेल्डुंग, म्हणजे या पत्त्यावर राहते अशी सरकारी ऑफिसातली नोंदणी, होणार नाही. अपॉइंटमेंट पण महिनाभर पुढची दाखवतेय, आणि जो तो सांगतोय दोन आठवड्यांत करायचं असतं. दंड बसेल का? आईला व्हिडिओ कॉलवर सगळं झकास म्हणून सांगतेय आणि इकडे पोटात गोळा आलाय. त्यात रविवारी दुकानं बंद, हे तर कुणी बोललंच नव्हतं!!

वरणभात_वरून_तूप:
आधी शांत हो. दोन आठवड्यांचा नियम आहे खरा, पण स्लॉट मिळत नाहीत हे त्या ऑफिसलाही माहितीय. मिळेल ती तारीख बुक कर, कन्फर्मेशनचा मेल जपून ठेव, सहसा कोणी काही म्हणत नाही. सकाळी सकाळी साइट बघत जा, लोकांनी कॅन्सल केलेले स्लॉट सापडतात. खरी भानगड ती खोली आहे. तू तिथे राहतेस असं सहीचं पत्र, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, हे खोली देणाऱ्याने द्यायलाच लागतं, कायदाच आहे तसा, मेहेरबानी नाही. तो टाळतोय म्हणजे बहुतेक मालकाला न विचारताच खोली दिलीय. मागून बघ एकदा, नाहीतर भांडत न बसता दुसरी शोध, आणि प्रत्यक्ष बघितल्याशिवाय डिपॉझिट कुणालाही पाठवू नकोस.

कोल्हापुरी_इन_कोलोन:
लेटरबॉक्सवर नाव लावलंस का? इथे फ्लॅट नंबर वगैरे प्रकार फारसा नसतो, पोस्टमन नाव बघतो, नाव नसलं की पत्र परत. टॅक्स आयडी, बँकेचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं, त्यामुळे आजच चिठ्ठी लिहून सेलोटेपने चिकटव. अनमेल्डुंग झाल्यावर रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून फेकून देऊ नकोस, भरावंच लागतं, पण फ्लॅटमागे एकच, फ्लॅटमेट भरत असेल तर त्याचा फीच्या खात्याचा नंबर कळवून मोकळी हो.
रविवारी मोठ्या स्टेशनातली दुकानं चालू असतात, महाग असतात पण असतात. कोथिंबीर, हिरवी मिरची, चणे शनिवारीच तुर्की दुकानातून आण.

सांगलीची_पोरगी:
थँक्यू दादा! आणि ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांतले, महिन्याचे ९९२ युरो? ते सोडायला अकाउंटवाले इथलं खातं मागतायत आणि बँक अनमेल्डुंगचा कागद मागतेय :(

वरणभात_वरून_तूप:
सगळ्या बँका मागत नाहीत. पासपोर्ट आणि अ‍ॅडमिशनचं पत्र घेऊन दोन-तीन ठिकाणी विचार, नाहीतर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला गाठ, त्यांच्याकडे रोज हेच येत असतं. आणि आईला खरं सांग गं, तिला कळलेलंच असणार.

सांगलीची_पोरगी:
नाव चिकटवून आले. आखेनमध्ये कुणाची खोली सुटत असेल तर मेसेज टाका प्लीज, अनमेल्डुंगसकट हवी, लहान असली तरी चालेल.