चार नगरसेवक, एक प्रभाग: रहिवाशांनी जाब कुणाला विचारायचा?

विद्यमान नगरसेविका

जवळपास चार वर्षं, काही शहरांत त्याहूनही जास्त काळ, महापालिका प्रशासकांच्या ताब्यात होत्या. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. त्यातल्या एका सभागृहात मी आहे. २०१७ ते २०२२ या मुदतीतही होते. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुंबई वगळली तर बाकी २८ शहरांत दुखणं एकच आहे: बहुसदस्यीय प्रभाग, म्हणजे एका प्रभागात अनेक नगरसेवक.

माझं म्हणणं सरळ आहे. एक प्रभाग, एक नगरसेवक ही पद्धत परत आणा. आणि ही मागणी आत्ताच लावून धरा, निवडणूक लांब असताना. निवडणूक तोंडावर आली की जो सत्तेत असतो तो आपल्या सोयीचा आकडा काढतो. २००२ ला तीनचा प्रभाग होता, २००७ ला एकचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. २०२१ मध्ये महाविकास आघाडीने तीनचा ठरवला, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि पुन्हा चार झाले. यातला कुठलाही बदल लोकांनी मागितला म्हणून झालेला नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. माझ्या प्रभागात शाळेच्या फाटकासमोर ड्रेनेजचं चेंबर आहे. पाऊस नसतानाही ते तुंबतं आणि मुलं घाण पाण्यातून उड्या मारत आत जातात. शाळेशेजारच्या एका आजींनी आम्हा चौघांनाही फोन केले होते. एकाने सांगितलं, तो भाग आमच्या ताईंकडे आहे. दुसऱ्याच्या माणसाने ग्रुपवर फॉरवर्ड करतो म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. आम्ही चौघांनी प्रभाग आपापसांत वाटून घेतलाय, सगळीकडेच घेतात, पण त्या वाटणीला कायद्यात काडीचा आधार नाही. अ, ब, क, ड या फक्त निवडणुकीच्या जागा आहेत. मतदार चार मतं देतो आणि चौघेही अख्ख्या प्रभागाचे असतात. अख्ख्या प्रभागाचे असणं म्हणजे कुठल्याच गल्लीचे नसणं, हे मी दोन टर्म बघतेय.

त्या चेंबरचं कारण पुढच्या चौकात आहे. तिथे जुनी नऊ इंची लाइन बारा इंचीला जोडायची राहिली आहे. ते काम कुणाच्याच यादीत नाही, कारण ते जमिनीखाली आहे आणि त्यावर नाव लागत नाही. त्याच रस्त्यावर मात्र आमच्या निधीतून पेव्हर ब्लॉक बसले, बाकडी आली, प्रत्येक बाकड्यावर सौजन्य कुणाचं तेही आलं.

मोठ्या शहरांत एका प्रभागाची लोकसंख्या ऐंशी-नव्वद हजारांच्या घरात जाते, आणि तीही २०११ च्या जनगणनेची. खरी किती असेल याचा अंदाज नव्या इमारतींवरून करा. एवढ्या वस्तीत घरोघर जायला पक्षाचा पैसा लागतो. अपक्ष कार्यकर्ता तिथेच संपतो.

निवृत्त कार्यकारी अभियंता

ताई, तुमची तळमळ कळते, पण मी या बाबतीत तुमच्या पूर्ण विरोधात आहे. महापालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो तेव्हापासून एकचाही प्रभाग पाहिला, दोनचाही पाहिला. एकचा प्रभाग म्हणजे वॉर्डाचा मालक. त्याच्या हद्दीत त्याला विचारल्याशिवाय जेसीबी लागत नसे. पाण्याची मुख्य लाइन तीन वॉर्डांतून न्यायची असेल तर तिघांची मनधरणी करावी लागे, आणि मधला अडून बसला की काम वर्षभर पडून. चारच्या प्रभागात निदान एकाने अडवलं तरी दुसरा वाट काढून देतो.

बाकड्यांचं म्हणाल तर तो रोग प्रभागाच्या आकाराचा नाही, नगरसेवकांच्या कामांच्या यादीचा आहे. एका रस्त्याचं चाळीस लाखांचं एकच इस्टिमेट केलं तर खडी, डांबर, बाजूची गटारं, पाण्याचा उतार असं सगळं एका हाताने होतं. पण यादीत ते दहा-दहा लाखांचे चार तुकडे होऊन येतं: अमुक घर ते तमुक घर. चार निविदा, चार ठेकेदार, आणि चारही तुकड्यांचे उतार वेगळे. पाणी साचतं ते नेमकं त्या सांध्यांवर. तुम्ही प्रभाग छोटा केलात तर हे तुकडे आणखी छोटे होतील.

आणि प्रशासकांच्या काळाबद्दल सगळेच वाईट बोलतात, म्हणून सांगतो. त्या काळात अख्ख्या रस्त्याचा प्रस्ताव अख्खाच मंजूर झालेला मी शेवटच्या वर्षांत पाहिला. खर्च मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या स्थायी समितीत आठवडे-आठवडे तहकूब राहिला नाही.

एक करदाता, नागपूर

साहेबांना एक विचारतो. तहकूब राहिला नाही, पण त्या प्रस्तावावर प्रश्न तरी कुणी विचारला? प्रशासक म्हणजे आयुक्तच. प्रस्ताव आयुक्तांचा, स्थायी समितीचे अधिकार आयुक्तांकडे, महासभेचे अधिकारही आयुक्तांकडे. अंदाजपत्रक स्वतःच मांडायचं आणि स्वतःच मंजूर करायचं. नगरसेवक भ्रष्ट असतील, पण सभागृहात विरोधी बाकावरचा एक जण उठून दर जास्त का लागला असं विचारतो आणि ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. चार वर्षं ते बंद होतं.

राज्यघटनेच्या २४३ यू कलमात मुदत पाच वर्षं लिहिलेली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असंही लिहिलेलं आहे. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच हे बजावलं होतं. तरी आपल्याकडे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणुका रखडल्या, आणि ६ मे २०२५ ला न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगावं लागलं. तेही पाळलं गेलं नाही. मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घेतली. प्रभागाचा आकडा दर वेळी बदलता येतो म्हणून निवडणूक लांबवायला निमित्त मिळतं. एकचा प्रभाग कायद्यात कायमचा लिहून टाका, अर्धे खटले उभेच राहणार नाहीत.

माजी नगरसेविका, महिला राखीव जागा

मी या धाग्याच्या मूळ मागणीला विरोध करते. कारण सांगते, ते पुरुष सदस्यांच्या सहसा लक्षात येत नाही, पण ताईंच्या लक्षात यायला हवं होतं.

एकच्या प्रभागात आरक्षणाच्या सोडतीची चिठ्ठी निघते आणि पाच वर्षांचं काम एका दिवसात पुसलं जातं. यंदा महिला, पुढच्या वेळी खुला. खुला झाला की पक्ष बाईला सांगतो, ताई, या वेळी दादांना करू द्या. ५० टक्के आरक्षण आपल्याकडे २०११ पासून आहे, पण त्यातून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा निवडून येणाऱ्या बायका किती? चारच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतातच. सोडत कशीही निघाली तरी मला माझ्याच वस्तीत उभं राहायला जागा असते. मी दोन वेळा निवडून आले ते बहुसदस्यीय पद्धतीमुळे. दुसऱ्या टर्मला मला अंदाजपत्रक वाचता यायला लागलं, लेखाशीर्ष कळायला लागलं, अधिकाऱ्याने कायदा सांगितला तर कुठलं कलम म्हणून उलट विचारता यायला लागलं. पहिल्या टर्मला मी सही करत होते.

दुसरं, एकट्या वॉर्डात बाई निवडून आली की कारभार नवरा बघतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. चारच्या प्रभागात मला बाकी तिघांबरोबर बसावंच लागलं. त्या खोलीत नवरा येऊन बसू शकत नव्हता.

विद्यमान नगरसेविका

सोडतीचा मुद्दा खरा आहे आणि जड आहे. त्याला उत्तर शोधावंच लागेल, त्यावर खाली लिहिते.

आधी अभियंता साहेब. तुकड्यांचं तुम्ही जे लिहिलंत ते शब्दन्‌शब्द बरोबर आहे. पण तुकडे का पडतात? चौघांना एकाच रस्त्यावर आपापलं नाव हवं असतं म्हणून. माझ्या प्रभागातल्या ज्या रस्त्याबद्दल मी लिहिलं, त्याचे तुकडे आम्हा चौघांच्या निधीचे आहेत. एकच नगरसेवक असता तर त्याला तुकडे पाडून काय मिळालं असतं? वॉर्डाचा मालक अडवतो म्हणता, मान्य. पण तो अडवतो हे लोकांना दिसतं आणि पाच वर्षांनी त्याला घरी बसवता येतं. आम्हा चौघांत नेमकं कुणी अडवलं हे तुम्हाला, अधिकाऱ्याला, माहीत असतं. मतदाराला कधीच कळत नाही. आणि एका पक्षाच्या चौघांच्या पॅनलमध्ये एक चांगला चेहरा असला की त्याच्या पाठीवर बाकीचे तिघे निवडून येतात.

महिलांच्या मुद्द्यावर: आरक्षणाचं चक्र दर निवडणुकीला फिरलंच पाहिजे असं घटनेत नाही. जागा आळीपाळीने देता येतील एवढंच आहे, ते किती वर्षांनी हे राज्य ठरवतं. तमिळनाडूत पंचायतींचं आरक्षण दहा वर्षं तसंच ठेवतात. आपल्याकडे एकचा प्रभाग करताना सोडत दोन निवडणुकांसाठी एकदाच काढावी. मग राखीव जागेवर आलेल्या बाईला तिथेच दुसरी टर्म मागता येईल, आणि पहिल्या टर्ममध्ये कामही करावंसं वाटेल.

वस्तीतला कार्यकर्ता, नाशिक

दोन्ही ताईंचं वाचलं. माझं तिसरंच आहे. नगरसेवक एक असो की चार, त्याच्या हातात आहे काय? १९४९ च्या महापालिका कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार. महापौर अडीच वर्षांचा, आणि अधिकार सभा चालवण्यापुरते. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहिले, नगररचना त्यात पहिला. आज मोठ्या प्रकल्पांचं नियोजन कुठे प्राधिकरण करतं, कुठे मेट्रो कंपनी करते, कुठे स्मार्ट सिटीची कंपनी. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला. २०१७ पासून जीएसटीची भरपाई दर महिन्याला मुंबईहून यायची वाट बघायची. त्यातून पगार आणि पेन्शन भागलं की उरलेल्यात चेंबर. तुम्ही चार जण भांडता ते त्या उरलेल्यासाठी.

आमच्या वस्तीत नळाला पाणी पहाटे साडेतीनला येतं. वेळ बदला म्हणून आम्ही नगरसेवकाकडे गेलो, तो उपअभियंत्याकडे गेला, उपअभियंता म्हणाला टाकीच भरत नाही, टाकी भरायची तर नवी योजना, योजनेची फाइल मंत्रालयात. नगरसेवक एक असता तरी फाइल तिथेच असती.

निवृत्त कार्यकारी अभियंता

नाशिकच्या भाऊंशी सहमत. पण ताईंच्या एका वाक्याला उत्तर द्यायचं राहिलं. वॉर्डाच्या मालकाला लोक घरी बसवतात म्हणता, तसं होताना मी क्वचितच पाहिलं. छोट्या वॉर्डात पाचशे-सातशे मतांनी निकाल लागतो, आणि पाचशे-सातशे मतं विकत घेता येतात, दमदाटीनेही फिरवता येतात. प्रभाग मोठा असेल तर ते अवघड जातं. तुम्ही म्हणता पैसा मोठ्या प्रभागात लागतो. मी म्हणतो, छोट्या प्रभागात दर माणशी जास्त लागतो.

विद्यमान नगरसेविका

छोट्या वॉर्डातली दहशत मी नाकारत नाही. पण मुंबईत २२७ वॉर्ड एकचेच आहेत आणि तिथले मतदार आपला नगरसेवक कोण हे नावाने सांगतात. माझ्या प्रभागात चौघांची नावं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि तुमच्यातल्या काहींनी नको म्हटलं, तरी मुंबईला एक न्याय आणि बाकीच्यांना दुसरा का, याचं उत्तर इथे कुणी दिलेलं नाही.

भाऊ, फाइल मंत्रालयात असते हे खरंच आहे. पण ती तिथून हलवायला गावाच्या वतीने ठाम बोलणारं कुणीतरी लागतं, आणि चौघांत विभागलेला आवाज तिथे कुणी ऐकत नाही.

आत्ता, कायदा बदलण्याआधी, करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. क्षेत्रसभेची तरतूद आपल्या कायद्यात २००९ पासून आहे. मतदारांसमोर बसायचं, कामांची यादी त्यांच्यासमोर ठरवायची. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. मी बाकी तिघांना लेखी पत्र दिलंय की चौघांचा निधी एकत्र करून आधी ती नऊ इंची लाइन बदलू, आणि कामांची यादी क्षेत्रसभेत वाचून मगच देऊ. दोघांचा होकार आलाय. तिसऱ्यांचं म्हणणं, लाइनवर पाटी लागत नाही.

माजी नगरसेविका, महिला राखीव जागा

दोन निवडणुकांसाठी एकच सोडत, हे लेखी ठरावात आलं तर माझा विरोध मी मागे घेईन. आधी नाही. शासनाकडे नुसती एकच्या प्रभागाची मागणी पाठवलीत तर ते तेवढंच उचलतील आणि सोडतीचं पुढे बघू म्हणतील, मग बायका पुन्हा बाहेर. दोन्ही वाक्यं एकाच ठरावात, एकाच परिच्छेदात घाला. मसुदा इथे टाका, मी वाचते. आणि तिसऱ्या सदस्यांना सांगा, चेंबरच्या झाकणावर नाव ओतून देते, माझ्या खर्चाने, पण लाइन बदला.