६५ सीसीवरून ८५ सीसी टू-स्ट्रोककडे जाताना चाके लहान घ्यावीत की मोठी?

धूळमाती (प्रश्न)
माझी मुलगी १२ वर्षांची असून तिची उंची १४८ सेंटिमीटर आहे. ६५ सीसीची मोटोक्रॉस गाडी ती आता पूर्ण थ्रॉटलवर चालवते आणि सरळ पट्ट्यावर ती गाडी तिला अपुरी पडते. पुढची गाडी ८५ सीसी टू-स्ट्रोक घ्यायची आहे. परंतु पुढे १७ व मागे १४ इंची चाकांची घ्यावी, की १९ व १६ इंची, हे ठरत नाही. या इंजिनांची ताकद एकदम अंगावर येते असेही ऐकले आहे. त्यापेक्षा १५० सीसीची फोर-स्ट्रोक बरी ठरेल का?

मागचे_चाक
मोठी चाके खड्ड्यांवरून आणि ब्रेकिंगमुळे पडलेल्या उंचवट्यांवरून सहज पुढे जातात, तर लहान चाकांची गाडी बुटकी असल्याने अरुंद वळणात चटकन वळते. १५० सेंटिमीटरच्या आसपासच्या चालकाला दोन्ही चालतात, त्यामुळे केवळ उंचीवरून उत्तर निघणार नाही. दोन्ही तळपाय सपाट टेकण्याची गरज नसते. मात्र सुरुवातीच्या रेषेवर एक पाय टेकवून, दुसरा ब्रेकवर ठेवून तिला गाडी न डगमगता धरता आली पाहिजे. ते जमत असेल तर मी मोठी चाके घेईन, कारण या वयात उंची झपाट्याने वाढते.

जेट_आणि_सुई
फोर-स्ट्रोकविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तिची ताकद खालच्या आरपीएमपासून (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) एकसारखी येते हे खरे. पण होंडाची सीआरएफ १५० आर सुमारे ८४ किलोची आहे आणि ८५ सीसी टू-स्ट्रोक साधारण ७० ते ७७ किलोंच्या असतात. पडलेली गाडी स्वतः उचलणाऱ्या मुलीला हा फरक नक्कीच जाणवतो. शिवाय टू-स्ट्रोकचे पिस्टन व रिंग घरच्या हत्यारांनीही बदलता येतात; फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हचे काम वाढते.

ताकद एकदम येण्याचे कारण एक्झॉस्टमध्ये आहे. ठरावीक आरपीएमला एक्झॉस्ट पाइपमधून परतणारी दाबलहर बाहेर निसटू पाहणारे पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते; त्याखाली इंजिन सुस्त असते. पॉवर व्हॉल्व्ह कमी आरपीएमला एक्झॉस्टचे तोंड वरून झाकून ही दरी काही अंशी भरून काढतो. यामाहाच्या वायझेड ८५ ला तो २०१९ च्या मॉडेलपासून मिळाला, त्यामुळे वापरलेली गाडी घेताना वर्ष अवश्य पाहावे. एवढ्यानेही झटका जास्त वाटला तर फ्लायव्हीलला (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकाला) वजन जोडता येते. इंजिन आरपीएम सावकाश पकडते आणि मागचे चाक कमी घसरते.

धूळमाती
आभारी आहे. तिचे वजन ३७ किलो आहे आणि ६५ वर ती क्लच फक्त गाडी सुटतानाच वापरते. याने काही बिघडते का?

मागचे_चाक
क्लचची ही सवय मात्र गाडी घेण्यापूर्वीच बदलावी. ८५ वर वळणातून बाहेर पडताना आरपीएम पडले, तर एका बोटाने क्लच किंचित दाबून ते पुन्हा वर आणावे लागतात, आणि हे ज्याला येत नाही तो इंजिनालाच दोष देत राहतो. ६५ वर एक गियर वरचा ठेवून वळणे घ्यायला लावा. त्या गियरमध्ये क्लचवाचून निभणार नाही.

वजनाचा मुद्दा सस्पेन्शनला लागू होतो, कारण कंपनीच्या स्प्रिंग बहुधा तिच्यासाठी कडक ठरतील. मागचे सस्पेन्शन ती गाडीवर उभी असताना वरखाली होण्याच्या एकूण अंतराच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणजे ९० ते १०० मिलिमीटर बसले पाहिजे. तेवढे बसवण्यासाठी प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे ते) इतका सैल करावा लागला, की रिकामी गाडीही स्वतःच्या वजनाने बरीच खाली बसते, तर मऊ स्प्रिंग घ्यावी.

जेट_आणि_सुई
तेलाविषयी एवढेच सांगतो. पेट्रोल आणि तेलाचे प्रमाण त्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तेच ठेवा. इंजिनाच्या काळजीपोटी बरेच जण तेल जास्त घालतात. पण त्यामुळे जेटमधून (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) जाणारे पेट्रोल तेवढेच कमी होते, मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि पिस्टन तापतो.