डोपिंगचा आरोप झाला की बातमी कशी द्यावी? नरसिंगवरून पडलेला प्रश्न

रंकाळाकाठ
काल रंकाळ्यावर भेळ खाताखाता पैलवान नरसिंग यादवचा विषय निघाला आणि साडेदहापर्यंत भांडण झालं. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, 2015 ला लास वेगासला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ, त्यातनं रिओ ऑलिम्पिकची जागा, आणि जुलै 2016 ला टेस्टमध्ये स्टेरॉइड सापडलं. मला आठवतंय, टीव्हीवर पहिल्या दिवशी तो गुन्हेगार होता, 1 ऑगस्टला नाडानं, म्हणजे आपल्या देशाच्या डोपिंगविरोधी संस्थेनं, सोडल्यावर लगेच कटाचा बळी झाला, आणि 18 ला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, क्रीडा लवादानं चार वर्षं बंदी घातली तेव्हा नुसती हळहळ. तीन आठवड्यांत तीन वेगळी माणसं दाखवली राव आम्हाला. माझं म्हणणं, बी सॅम्पलचा, म्हणजे त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बाटलीचा, निकाल येईपर्यंत नावच छापू नये. तुम्हाला काय वाटतं? पोरगं माझं तालमीत जातंय, ते विचारतंय खरं काय होतं, आणि मला सांगता येईना.

लालमाती
भावा, मी सांगतो, कारण त्या रात्री आमच्या तालमीत टीव्हीपुढं तीस-चाळीस पोरं बसलेली आणि दोन-तीन तर रडली. रिओची तीच जागा मिळावी म्हणून सुशील कुमार नरसिंगबरोबर ट्रायल कुस्ती मागायला हायकोर्टात गेलेला, ते प्रकरण ताजं होतं, त्यामुळं कुणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं हे आम्हाला लगेच पटलं. आपला गडी म्हटल्यावर पेपरवाल्यांनी पण तेच उचलून धरलं. पण लवादाचा निकाल मी लई उशिरा वाचला. 25 जूनच्या सॅम्पलमध्ये प्रमाण एवढं जास्त होतं की तज्ज्ञांचं मत पडलं, पाण्यात पावडर मिसळून एवढं येत नाही, एखाद-दोन गोळ्या पोटात गेल्याशिवाय असं दिसत नाही. कट झाल्याचा पुरावा लवादाला पटला नाही. हे पटो न पटो, पण निकाल कशावर उभा होता हे त्या वेळी कुणी पोरांना सांगायला नको होतं का? नियम असा आहे की शरीरात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची, कसं आलं ते त्यानंच दाखवायचं. ही एक ओळ रोज छापली असती तरी निम्मी भांडणं झाली नसती.

जुना_डेस्क
अकरा वर्षं एका पेपरच्या स्पोर्ट्स डेस्कवर होतो, नाव सांगत नाही. रात्री उशिरा एजन्सीची कॉपी येते, पान सोडायला वीस मिनिटं असतात, तीन कॉलमात हेडिंग बसत नाही, मग पहिला बळी 'आरोप' या शब्दाचा जातो. 'डोपिंगचा आरोप' चं 'डोपिंगमध्ये दोषी' होतं, आणि सकाळी कोणाला काही वाटत पण नाही.
माझ्या हातून झालेलं सांगतो. एका ज्युनियर खेळाडूचं नाव मी फोनवरच्या माहितीवर छापलं. ते सॅम्पल त्याचं नव्हतंच, नावात साम्य होतं. खुलासा आतल्या पानावर चार ओळी. त्याची आई ऑफिसला आली, काही बोलली नाही, पहिली बातमी आणि ते चार ओळींचं कात्रण टेबलावर शेजारी शेजारी ठेवून गेली. तेव्हापासून कोणीही नवीन पोरगं डेस्कवर आलं की मी विचारायला लावायचो: पदार्थ कोणता, किती सापडला, ए सॅम्पल की बी, सुनावणी झाली का, अपील बाकी आहे का. एवढं नसेल तर बातमी उद्या.

शाहूपुरीकर
नाव छापूच नये हे मला अजिबात पटत नाही. गप्प बसण्याचा फायदा नेहमी मोठ्या स्टारलाच होतो. क्रिकेटवाल्या पृथ्वी शॉचं सॅम्पल फेब्रुवारी 2019 चं, मधे अख्खी आयपीएल खेळून झाली आणि आपल्याला कळलं 30 जुलैला! कफ सिरपमधलं टर्ब्युटालीन हे बंदी असलेलं औषध निघालं, आठ महिन्यांची बंदी, पण ती मागच्या तारखेपासून मोजली. टेनिसवाल्या सिनरचं तसंच, मार्च 2024 ची टेस्ट, जगाला कळलं ऑगस्टमध्ये. आणि सायकलवाला आर्मस्ट्राँग विसरू नका, पत्रकार डेव्हिड वॉल्शनं संशय लिहिला म्हणून पेपरवर खटला, 2006 ला पेपरला तडजोड करायला लागली, आणि 2013 ला गडी टीव्हीवर कबूल झाला. वॉल्श गप्प बसला असता तर? फरक एवढाच की त्यानं वर्षानुवर्षं माणसं शोधली, कागद जमवले. आपल्याकडं एक यूट्यूब चॅनेलवाला तालमीच्या दारात मोबाईल धरतो आणि त्याला पण पत्रकारिता म्हणतात.

रंकाळाकाठ
शाहूपुरीकर, पटलं, नाव छापू नये हे मी मागं घेतो. जुना_डेस्क, तुमचे ते पाच प्रश्न मी कागदावर लिहून घेतले. पण पोराला सुरुवात कुठनं करून देऊ?

लालमाती
निकालापासनं. रविवारी सकाळी त्याला घेऊन तालमीत ये, मेहनत झाली की बसू. तो 25 जूनच्या सॅम्पलचा भाग मी त्याला मराठीत समजावून सांगतो, आणि येताना तो जो पावडरचा डबा खातोय तो पण घेऊन ये.