होडीच्या ट्रोलिंग मोटरची बॅटरी टिकत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दाभोळ खाडीत माझी चौदा फुटी फायबरची होडी आहे. पहाटे गळ टाकायला आम्ही दोघं भाऊ जातो. गेल्या वर्षी १२ व्होल्टची, ५५ पौंड जोराची (थ्रस्टची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडी हळू चालवणारी छोटी विजेची मोटर, बसवली. आवाज नाही, धूर नाही, मासा बिथरत नाही. मोटरवर मी खूश आहे, अडचण बॅटरीची आहे.

सध्या घरच्या इन्व्हर्टरची १०० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी वापरतोय. रात्रभर चार्ज करून सकाळी मीटर लावला की १२.७ व्होल्ट दाखवतो. भरतीबरोबर आत जाताना काहीच वाटत नाही. पण परतताना पाण्याची ओढ उलटी मिळाली की मोटर पूर्ण वेगात ठेवावी लागते, मग ती ५० अँपिअरच्या आसपास खेचते. परवा घरी येऊन तासाभराने मोजलं तर ११.६! एवढी उतरवली तर बॅटरी लवकर मरणार हे कळतंय, पण वल्ही मारून काका लोकांसारखं दोन मैल यायची आमची ताकद नाही.

त्यात गावात वीज दुपारी हमखास जाते, चार्जिंग अर्धवट राहतं. टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवट बुरशीसारखं चढतं, ते गरम पाण्याने धुऊन ग्रीस लावतो.

होडीवर १०० वॉटचं सोलर पॅनल टाकून भागेल का? की सरळ लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी? खाऱ्या पाण्यात ती कोणी वापरली असेल तर चार्जर कोणता लावलात तेही सांगा.