मदत हवी आहे: आईला नीट दिसत नाही, बाबांना ऐकू येत नाही, आणि चार महिन्यांत दोनदा ॲडमिट

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी डोंबिवलीत, आईबाबा चिपळूणला. आई ७४, बाबा ७९. आईला मधुमेह आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. समोरचं मोठं अक्षर दिसतं, बाजूचं गेलंय, आणि गोळ्यांच्या चकचकीत पट्टीवरचं नाव तर अजिबात वाचता येत नाही. बाबांची नजर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर छान आहे, पण कान गेलेत. गेली पाच-सहा वर्षं दोघांनी मिळून निभावलं. फोन आला की आई बोलणार, कागद आला की बाबा वाचणार. इन्सुलिन बाबा सिरिंजमध्ये भरून द्यायचे, आई टोचून घ्यायची.

मार्चमध्ये एका फोनने सगळं फिसकटलं. उपाशीपोटीची साखर कमी येत होती म्हणून दवाखान्यातून सांगितलं, रात्रीचं इन्सुलिन अठराचं चौदा करा. आई आंघोळीला गेलेली. फोन बाबांनी घेतला आणि ऐकलं ‘चोवीस’. ‘हो हो, कळलं’ म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच असं म्हणतात. चौथ्या दिवशी पहाटे आई घामाने चिंब, हाक मारली तर धड उत्तर नाही. साखर ३८. शेजारच्या मुलाने १०८ ला फोन लावला म्हणून निभावलं.

साखर तासाभरात वर आली होती. एक रात्र ठेवू आणि सोडू, म्हणाले. पण आयसीयूत घेताना चष्मा, बांगड्या, मंगळसूत्र सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबांच्या हातात दिलं. बाबा बाहेर बाकावर. आतून ‘पेशंटचे नातेवाईक’ अशी हाक कितीदा आली असेल, त्यांना पत्ता नाही. रात्री आईला सलाईनच्या स्टँडपाशी कुणीतरी उभं आहे असं वाटलं. तिने सुई उपटली, म्हणून हात पट्टीने बांधले. मी सकाळी पोचले तर मला ओळखलं, पण घरी आहे असंच धरून बोलत होती. एका रात्रीचे सहा दिवस झाले.

घरी आल्यावर बाबांनी इन्सुलिनला हातच लावायचं सोडलं. मी किंवा शेजारीण व्हिडिओवर बघून आकडा सांगायचो. आई म्हणाली, ‘गोळ्यांचं मी बघते, तुम्ही नका टेन्शन घेऊ.’ ती गोळ्या बोटांनी ओळखते: लांबट साखरेची, बारीक गोल बीपीची. जूनमध्ये केमिस्टने बीपीची दुसऱ्या कंपनीची दिली, ती लांबट. पुढचं सांगायला नको. चक्कर येऊन मोरीपाशी पडली, पुन्हा दोन रात्री. हाड मोडलं नाही एवढंच.

दोन्ही वेळा आजार नवा नव्हता, डॉक्टरही चुकले असं म्हणवत नाही. माझे प्रश्न: बाबांचं ४२ हजारांचं श्रवणयंत्र कपाटात पडून आहे (‘भांडी आपटल्यासारखा आवाज येतो’), त्याचं काय करू? औषधांची व्यवस्था कशी लावू? आणि पुन्हा ॲडमिट करायची वेळ आलीच तर तिथल्या लोकांना काय सांगून ठेवू? डोंबिवलीला यायला दोघं तयार नाहीत, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.

– ओसरी

कोकणकडा: नको म्हणालात तरी सांगतो, घेऊन या. या वयात एकटं ठेवणं म्हणजे जुगार आहे.

मिरगाचा पाऊस: एकटे कुठे आहेत, दोघं आहेत की! माझ्या सासूबाईंना आम्ही हौसेने पुण्याला आणलं. दिसत नव्हतं तरी गावच्या घरात उंबरा, चूल, न्हाणी सगळं पायांना पाठ होतं. फ्लॅटमध्ये आठवड्यात दोनदा पडल्या. ओसरीताई, तुमचं बरोबर आहे.

कानोसा: मी ऑडिओलॉजिस्ट आहे. वयाने कान जातात तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, त, ट अशी व्यंजनं गळतात आणि स्वर तेवढे पोचतात. म्हणून बाबांना ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’. फोनवर ओठही दिसत नाहीत, मग चौदा आणि चोवीस यांत उरतं काय? ओरडून उपयोग नाही. समोर उजेडात बसून सावकाश बोला. आकडा सांगताना मोबाइल नंबरसारखा तोडून सांगा: ‘एक, चार’.

यंत्राबद्दल: भांडी आपटल्यासारखं वाटतं याचा अर्थ मोठे आवाज जास्त वाढवले जातायत. सेटिंग बदलून मिळतं, दोन-तीन फेऱ्या लागतात आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. पहिल्या दिवशी लग्नाला घालून गेले की यंत्र कपाटात गेलंच म्हणून समजा. आधी घरात, एकाच माणसाशी बोलताना, तासभर. त्याआधी कान-नाक-घसावाल्यांकडून मळ काढून घ्या. माझ्याकडे ‘यंत्र बिघडलं’ म्हणून येणाऱ्यांत बरेच जण मळाचे असतात. बॅटरी झिंक-एअरची असेल तर स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. मुंबईत यायचं झालं तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे, तपासणी आणि यंत्र दोन्हींचं काम तिथे होतं.

खलबत्ता: ३१ वर्षं केमिस्टचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. ताई, एकाच दुकानातून औषध घ्या आणि त्याला सांगून ठेवा की कंपनी बदलायची तर आधी फोन कर. आम्ही स्टॉक असेल ते देतो, घटक तोच असतो, म्हणून आम्हाला त्यात काही वाटत नाही. बोटांनी गोळी ओळखणारं माणूस समोर आहे हे आम्हाला कुठून कळणार? बीपीच्या पट्टीला एक रबरबँड, साखरेच्या पट्टीला दोन. कंपनी बदलली तरी रबरबँड बदलत नाही.

आणि बाटलीतून इन्सुलिन भरत असाल तर सिरिंज तपासा. आपल्याकडे बाटल्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची मिलिलिटरला १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. सिरिंजची अदलाबदल झाली तर आकडा बरोबर असूनही डोस चुकतो.

थर्मामीटर: फिजिशियन आहे, ऑनलाइन सल्ल्याच्या मर्यादा धरून लिहितो. आईंच्या डोळ्यांतले थेंब कोणते? काचबिंदूच्या थेंबांत टिमोलॉल असेल तर ते रक्तात जाऊन नाडी मंद करू शकतं, आणि साखर उतरताना छातीत धडधड होते ती खूणही दाबू शकतं. घाम मात्र येतो. औषधांची यादी मागितली की लोक गोळ्यांची देतात, थेंब सांगतच नाहीत. थेंब टाकल्यावर नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा, म्हणजे रक्तात कमी जातं.

हॉस्पिटलमध्ये झालं ते भ्रमिष्टपण. चष्मा आणि कानाचं यंत्र काढून घेतलं की म्हाताऱ्या माणसाला रात्री ते होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेत येल इथे सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास झाला होता, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चष्मा आणि यंत्र जवळ ठेवणं, कानातला मळ काढणं, झोप, चालवणं, पाणी पाजणं असली साधीच कामं नेमाने केली. दुसऱ्या गटात भ्रम १५ टक्के लोकांना झाला, या गटात १० टक्क्यांच्या आसपास. नवं औषध एकही नव्हतं. म्हणून ॲडमिट करताना पहिलं वाक्य ‘शुगर आहे’ हे नको. ‘हिला दिसत नाही, यांना ऐकू येत नाही, चष्मा काढू नका’ हे सांगा.

परिचारिका_नाशिक: सरांनी लिहिलं ते खरं, पण रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात तेही बघा. तोंडी सांगितलेलं ड्यूटी बदलली की संपतं. जाड मार्करने कागदावर लिहा आणि उशाशी भिंतीला चिकटवा. चष्म्याच्या केसवर नाव घाला. बाबांसाठी बाहेरच्या बाकापेक्षा दाराच्या समोरची खुर्ची मागा, हाक ऐकू आली नाही तरी हात केलेला दिसेल. बाबांच्या फोनवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप टाकून ठेवा, मराठी चालतं. गोंगाटात चुकतं, पण डॉक्टरांच्या केबिनमध्ये पुरतं.

ओसरी: सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार चिपळूणला जाऊन आले.

थेंबांत टिमोलॉल निघालं. मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंदच नव्हती, आता घातली. त्यांनी इन्सुलिनचं पेन सुरू केलं, आणि डोस बदलला की फोन करायचा नाही, लिहून पाठवायचं असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. बाबांच्या डाव्या कानातून जे निघालं ते पाहून बाबा स्वतःच गप्प झाले. यंत्राची पहिली फेरी झाली. अजून कुरकुर आहे, पण रात्री जेवताना तासभर घालतात. बातम्यांचा आवाज कमी झाल्याचं पहिल्यांदा शेजाऱ्यांच्या लक्षात आलं.

रबरबँड आईला पटले नाहीत. ‘तुटतात मेले.’ तिने पट्ट्यांना लोकर गुंडाळलीय, बीपीला एक गाठ, साखरेला दोन.

पेनाची एक गंमत. एक युनिट फिरवलं की टक्‌ असा आवाज होतो. नुसत्या टकटकीवर विसंबायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलंय. तर बाबा खिडकीतला आकडा बघत फिरवतात आणि आई शेजारी बसून मोजते. रविवारी रात्री बाबा थांबले, आई म्हणाली, ‘तेराच झाले.’ बाबांनी चष्मा वर करून पुन्हा पाहिलं, आणि अजून एक टक्‌.

एक प्रश्न अजून राहिला: बाजूचं दिसत नसलेल्या माणसासाठी मोरीची पायरी कुठल्या रंगाने रंगवावी? तिथे काळी कडाप्पा आहे आणि संध्याकाळी उजेड फार कमी असतो. कुणी केलं असेल तर फोटो टाका.