सांत्वन मागता येतं का?

प्रश्न :
अहिल्यानगरच्या एका ख्रिस्ती मित्राचे वडील गेले. निरोप आला : ‘बाबा प्रभूमध्ये झोपी गेले. आमच्या सांत्वनासाठी प्रार्थना करा.’ आमच्याकडे सांत्वन इतर लोक करतात, घरचे मागत नाहीत. हा प्रयोग मराठीत बसतो का? आणि उत्तर काय लिहू? ‘मृतात्म्यास शांती लाभो’ लिहिलं आणि पुसलं.

– बसतो की. ‘शोक करणारे ते धन्य, कारण त्यांचे सांत्वन होईल’ (मत्तयाचं शुभवर्तमान 5:4) हे बायबलातलं वचन ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे, त्याला सांत्वन मागण्यात संकोच कसला? पुसलंत ते बरं केलंत. प्रॉटेस्टंट घरांत प्रार्थना सहसा मागे राहिलेल्यांसाठी करतात, गेलेल्यासाठी नाही. कॅथलिकांचं वेगळं.

– थोडं व्युत्पत्तीचं. संस्कृतात ‘सांत्व्’ म्हणजे गोड बोलून शांत करणं. म्हणजे आपलं सांत्वन मुळातच बोलण्याचं काम. म्हणून तर ‘काय बोलावं सुचत नाही’ म्हणून लोक भेटायला जायचं टाळतात! मत्तयाच्या मूळ ग्रीकमधलं क्रियापद ‘पाराकालेओ’, शब्दशः ‘जवळ बोलावणे’. तेव्हा हाक मारणं त्या शब्दाच्या पोटातच आहे. तुमच्या मित्राने तेच केलं. याच धातूचा ‘पाराक्लेतोस’ योहानाच्या शुभवर्तमानात (14:16) येतो, तिथे मराठी बायबलात शब्द आहे ‘कैवारी’. मला तो फार आवडतो. कैवार घेणारा समजूत घालत बसत नाही, तुमच्या बाजूने उभा राहतो.

बायबलातल्या ‘ईयोब’ या पुस्तकात, संकटांनी पिचलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे मित्र येतात तिथे (2:11) मूळ हिब्रूत दोन क्रियापदं आहेत. एक ‘नहम’, सांत्वन करणे. नहूम आणि नहेम्या ही बायबलातली नावं त्यातलीच. दुसरं ‘नूद’, मूळ अर्थ हलणे, डोलणे. दुःखी माणसासमोर आपण नुसतीच मान हलवतो ना, ते. मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कोणी अक्षर काढलं नाही. मग तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. सोळाव्या अध्यायात ईयोब वैतागून त्यांना म्हणतो, तुमचं सांत्वन म्हणजे ताप आहे.

– बायबलातलं ‘विलापगीत’ हे पुस्तकही बघा. यरुशलेम इ.स.पू. 586च्या सुमारास पडलं, त्यावरची पाच काव्यं. पहिल्यात ‘तिचे सांत्वन करणारा कोणी नाही’ ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. पहिली चार हिब्रूच्या 22 अक्षरांच्या क्रमाने रचलेली. पाचव्यात कडवी 22च, पण क्रम सुटलेला. रडण्यालाही आधी शिस्त, मग तीही नाही. जाता जाता : यरुशलेमच्या मंदिराच्या नाशाचा ज्यूंचा शोकदिवस, त्यांच्या आव महिन्याची नवमी, कोकणातल्या बेने इस्रायलींकडे (मराठी ज्यूंकडे) ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाई. वालाचं बिरडं, तेच.

– (प्रश्नकर्ता) आभार. ‘शनिवारी येतो, बोलणार काही नाही, बसेन’ एवढंच लिहिलं. उत्तर आलं : ‘ये. संध्याकाळी मंडळी जमणार आहे.’ ‘आहेत’ नव्हे, ‘आहे’. म्हणजे चर्च! त्यावर वेगळी चर्चा काढतो.