टोल्युईनच्या डब्यावर 'शंका' लिहायची की 'धोका'?

लेबलवाला (धागाकर्ता)

मी लहान कारखान्यांना रसायनांची सुरक्षा माहितीपत्रकं, म्हणजे एसडीएस, बनवून देतो. परवा एका थिनरचं काम आलं. त्यात ६० टक्के टोल्युईन, म्हणजे रंग आणि गोंद पातळ करायचं द्रव रसायन. मालकाने नमुना म्हणून जुनं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, कुठल्या तरी युरोपियन पुरवठादाराचं जसंच्या तसं उतरवलेलं. प्रजननाच्या रकान्यात 'वर्ग २, गर्भातल्या बाळाला इजा होत असल्याची शंका'. त्याच आठवड्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जपानी पत्रक हाती आलं. त्यात 'वर्ग १अ', शिवाय अंगावरच्या दुधातून बाळाला अपाय होऊ शकतो अशी जादा नोंद. रसायन तेच, उकळणार ११०.६ अंशांनाच. मग समुद्र ओलांडला की टोल्युईन सोवळं होतं का?

ज्यांना हे वर्ग माहीत नाहीत त्यांच्यासाठी: जीएचएस या जागतिक पद्धतीत १अ म्हणजे माणसांमधल्या पुराव्यावरून ठरलेलं, १ब म्हणजे मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून धरून चाललेलं, आणि २ म्हणजे संशयित.

माझं मत, आपण १अ लिहावं. गरोदरपणात नशेसाठी टोल्युईन हुंगणाऱ्या आयांची बाळं लहान डोक्याची, कमी वजनाची, चेहऱ्याच्या ठरावीक ठेवणीची जन्मल्याच्या नोंदी १९८०च्या दशकापासून आहेत. हा माणसांमधलाच पुरावा झाला. 'शंका' कसली उरली?

भोसरीकर

माझं स्वतःचं थिनर भरायचं युनिट आहे, त्यामुळे मी पक्षपाती आहे हे आधीच मान्य.

त्या आया पिशवीत तोंड घालून हजारो पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत तितके भाग) ओढत होत्या, दिवसातून कैक वेळा. सोबत दारू, उपासमार, किडनीचे विकार. त्यावरून आठ तास ३० पीपीएममध्ये काम करणाऱ्या बाईच्या डब्यावर 'धोका' छापायचा? उद्या कुणी किलोभर मीठ खाऊन गेला तर मिठाच्या पुड्यावर कवटी छापा.

प्राण्यांवरच्या प्रयोगांतही पिल्लांचं वजन घटतं ते मोठ्या मात्रेला, जिथे आईचीच तब्येत बिघडलेली असते. मग गर्भावर परिणाम रसायनाचा की आजारी आईचा? युरोपवाल्यांनी शंका लिहिली ती काही झोपेत नाही लिहिली.

लेबलवाला

नशेचं सोडा. सिंगापूरचा १९९२चा अभ्यास घ्या. स्पीकर बनवणाऱ्या कारखान्यात गोंद लावणाऱ्या बायका, हवेत ५० ते १५० पीपीएम टोल्युईन. गर्भपाताचं प्रमाण दर १०० गरोदरपणांमागे १२.४. त्याच कारखान्यात कमी संपर्काच्या कामावरच्या बायकांमध्ये २.९, बाहेरच्यांमध्ये ४.५. यात पिशवी कुठेय?

भोसरीकर

जास्त संपर्काच्या गटात बायका किती? ५५. आणि गर्भपात मोजले ते मुलाखतीत विचारून. एवढ्याशा पुराव्यावर १अ?

निद्रानाश_बर्लिन

इथे नोकरीत हेच करते, म्हणून चार ओळी जास्त लिहिते.

भोसरीकर, तुम्ही मात्रा आणि गुणधर्म एकत्र कालवताय. वर्गीकरण रसायनाच्या अंगच्या गुणाचं असतं. साप विषारी की बिनविषारी, हे तो पिंजऱ्यात आहे की उशाला यावर ठरत नाही. तुमच्या शेडमध्ये धोका किती, तो हिशोब वेगळा, आणि तो लेबलवर नसतो. आईच्या आजारपणाचा मुद्दा मात्र चुकीचा नाही. नियमांतही त्याचा विचार आहे, फक्त तेवढ्यावरून पुरावा आपोआप बाद होत नाही.

लेबलवाले, तुम्हालाही एक टाचणी. या भांडणात डब्यावरचं बदलतं काय? टोल्युईन ज्वलनशील आहे, गिळलं आणि फुफ्फुसात गेलं तर जीव घेऊ शकतं, त्यामुळे 'धोका' हा शब्द डब्यावर आधीपासूनच आहे. छातीवर तारा फुटलेल्या माणसाचं चित्रही आहेच. बदलेल ते एक वाक्य: 'इजेची शंका'च्या जागी 'इजा होऊ शकते'.

खरा फरक मिश्रणांत पडतो. वर्ग २ असेल तर प्रजननाचा इशारा लागू होतो ३ टक्क्यांपासून, वर्ग १ असेल तर युरोपात ०.३ टक्क्यांपासून. म्हणजे १ टक्का टोल्युईन असलेला गोंद आज गप्प बसतो, उद्या बोलायला लागेल. आणि युरोपात वर्ग १ झाला की सर्वसामान्य ग्राहकाला विक्री बंद, कामाच्या जागी कडक नियम, अशी रांगच लागते. म्हणून तिथे एका आकड्यासाठी वर्षानुवर्षं भांडतात. तरी घरगुती गोंदात आणि स्प्रेच्या रंगात ०.१ टक्क्याची मर्यादा टोल्युईनला तिथे वर्ग २ असूनही आहे.

भारतात ती रांगच नाही. १९८९च्या घातक रसायन नियमांत विषारीपणा बघतात तो किती मात्रेला जनावर मरतं त्यावरून, मग आग, मग स्फोट. गर्भाचा रकानाच नाही.

चहा_बिस्किट

म्हणजे एवढा वाद ज्या रकान्यावर चाललाय तो आपल्याकडे छापलेलाच नाही. वा!

सोलपेस्टिंग

मी सहा वर्षं चपलांच्या कारखान्यात सोल चिकटवायला होते. नाव नको.

टेबलावर सोल्युशनचा, म्हणजे गोंदाचा डबा उघडा, जुन्या टूथब्रशने लावायचं. डोक्यावर पंखा होता पण तो बंद. चालू केला की डब्यातल्या सोल्युशनवर साय धरते, सोल पुढे सुटतो आणि माल परत येतो. त्यामुळे मे महिन्यातही पंखा बंद. पहिला अर्धा तास वास झोंबतो, मग कळतही नाही.

आमच्याकडे एकदा असंच कागद लावून गेले, बाळाचं चित्र वगैरे. त्याचा परिणाम सांगते. जिला दिवस गेले तिला पॅकिंगला पाठवायला लागले. तिथे नगावर पैसे कमी. मग बायका सांगेनाशा झाल्या. पोट दिसेपर्यंत, पाचव्या महिन्यापर्यंत त्याच टेबलावर. माझ्या शेजारची तिसऱ्या महिन्यात खाली झाली. सोल्युशनमुळेच झाली असं मी म्हणत नाही, मला कसं कळणार. पण कागद लागला नसता तर तिने निदान मला सांगितलं असतं.

तुम्ही १ लिहा नाहीतर २. मालकाने वाचलं की बाई हलते, डबा तिथेच राहतो.

भोसरीकर

ताई, हेच मी म्हणत होतो. लेबल वाढवलं की बायकांच्या पोटावर पाय.

निद्रानाश_बर्लिन

नाही हो, त्या हे म्हणत नाहीयेत!

अमेरिकेत हे भोगून झालंय. १९७८मध्ये वेस्ट व्हर्जिनियात अमेरिकन सायनामिडच्या शिसं वापरणाऱ्या रंगविभागात नोकरी टिकावी म्हणून ५ बायकांनी नसबंदी करून घेतली. पुढे १९९१मध्ये जॉन्सन कंट्रोल्सच्या बॅटरी कारखान्याच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल होऊ शकतं एवढ्या कारणाने बाईला कामावरून दूर ठेवता येणार नाही. आणि पुरुष सुटत नाहीत बरं. १९७७मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नव्हती. तपासलं तर शुक्राणू घटलेले किंवा नाहीतच.

लेबलवाला

सोलपेस्टिंग, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी इतकी पत्रकं लिहिली, त्यात 'पुरेशी हवा खेळती ठेवा' हे वाक्य दर वेळी चिकटवतो. पंखा का बंद असतो हे आज कळलं.

तरी १अ वरून मी हटत नाही. बाळावरचा परिणाम कागदावर ठळक नसेल तर मर्यादाही सैल राहते. आपल्या १९४८च्या जुन्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत टोल्युईनला आठ तासांची सरासरी मर्यादा १०० पीपीएम होती. युरोपात ५०. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेची शिफारस २०, आणि तिच्या कारणांत गर्भपात नाव घेऊन लिहिलाय. सिंगापूरच्या त्या बायकांतल्या कित्येक जणी आपल्या १००च्या आतच होत्या.

भोसरीकर

१०० जास्त आहे हे मान्य. ५० करा, २० करा, माझी हरकत नाही. १अला आहे. आणि माझ्या शेडमध्ये किती आहे हे मी कधी मोजलेलं नाही, हेही लिहून टाकतो. मघाशी ३० म्हणालो तो अंदाजच होता.

सोलपेस्टिंग

मोजा. पण पंख्याचं सांगा कुणीतरी. चालू ठेवला तर सोल सुटतो.

निद्रानाश_बर्लिन

वरून वारा सोडायचाच नाही. टेबलाच्या मागच्या कडेला, डब्याच्या उंचीवर लांब फट असलेला पत्र्याचा खोका, त्याला पाइप आणि बाहेर ओढणारा पंखा. वाफ तोंडाकडे यायच्या आत मागे ओढली जाते आणि सोल्युशनवर थेट झोत बसत नाही. डब्याला झाकण ठेवायचं, ब्रशपुरतं भोक पाडून. पाण्यावरचे गोंदही मिळतात, पण ते वाळवायला गरम हवेची भट्टी लागते.

सोलपेस्टिंग

झाकणाला भोक पाडायचं आम्हाला सुचलं होतं. मुकादम म्हणाला, हात हळू चालतो.